तीन गळे आणि एक खोकला

माझ्या हातून आजवर ज्या मोठ्या चुका झाल्या, त्या बहुतेक दुरुस्ती करताना झाल्या आहेत. मी मराठी शाळेतला मास्तर. खिशाला लाल पेन असतं आणि डोक्यात तोच रंग. लग्नपत्रिका हातात आली तर मी आधी छापणाऱ्याच्या चुका पाहतो, मग नवरा-नवरीची नावं. आमच्या घरी पंख्याचा रेग्युलेटर मी एकदा दुरुस्त केला, तेव्हापासून पंखा एकाच वेगानं फिरतो. ही खोड घरापुरती राहिली असती तर हे लिहायला बसलो नसतो. पण दोन वर्षांपूर्वी आषाढात मी पुठ्ठेमामांच्या साउंडच्या पेटीतला, करंगळीच्या नखाएवढा, पत्र्याचा एक चुकीचा भाग काढून घेतला आणि तिथे बरोबर भाग बसवून आणला. वर शाबासकीची वाट पाहत चहा पीत बसलो.

पुठ्ठेमामा माझ्या आईच्या माहेरचे, पारोळ्याकडचे. रक्ताचं नातं शोधायला गेलं तर सापडलं नसतं, पण आईच्या गावचा प्रत्येक पुरुष आम्हाला मामाच. सुरतेत आल्यावर ते बमरोलीला लूमवर लागले. चौदा वर्षं लूम चालवल्यावर शेठनं त्यांची नजर ओळखली आणि जेकार्डच्या पुठ्ठ्यांवर बसवलं. साडीच्या पदरावरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर उतरतो, मग कागदातल्या एकेका घराप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पडतात. भोक असलं तिथे धागा उचलला जातो, नसलं तिथे खाली राहतो. अशा शेकडो पट्ट्या ओवल्या की मोर तयार. मामा एखादी पट्टी खिडकीच्या उजेडात धरून म्हणायचे, "हाऊ दख, मोरना डोळा." मला तिथे चार भोकं दिसायची.

पुठ्ठ्यांवर बसले तरी खोली लूमच्या शेजारीच होती, भिंत नावाला. व्हायचं तेच झालं. चाळिशीतच त्यांच्या कानांनी साथ सोडली. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, फोन, यांतलं काही त्यांना ऐकू येत नसे. माणूस बोललं तर अर्धे शब्द गळून यायचे. आम्ही सगळे मग तोंड त्यांच्या कानाशी नेऊन ओरडायचो. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. हात वर करून, हसत म्हणायचे, "मोठं नको बोलू भाऊ, जाड बोल."

आम्हाला वाटायचं, मामा चेष्टा करतात. आम्ही अजून मोठ्यानं ओरडायचो.

कॉम्प्युटर त्यांच्याकडे आला तोही पुठ्ठ्यांमुळे. पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शेठच्या विलायतेतल्या भावानं पुतण्यासाठी घरगुती कॉम्प्युटर पाठवला होता. रबराची बटणं, टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा. सोबत आवाजासाठी वेगळी एक काळी पेटी, तिच्यात एक चिप. पुतण्या महिनाभर खेळला आणि कंटाळला. शेठनं सगळं पोत्यात भरून मामांच्या पुढ्यात ठेवलं. "तने काणां वांचतां आवडे छे ने, ले, आ वांच." तुला भोकं वाचता येतात ना, घे, हे वाच.

मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे मला इंग्रजी येतं असा गल्लीचा गैरसमज होता. सोबतचं पुस्तक वाचून सांगायला मामांनी मला बोलावलं. पहिल्या दोन पानांचा मी जो अर्थ सांगितला त्यानुसार यंत्र चालूच झालं नाही. मामांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, चित्रं पाहिली आणि चालू केलं. पुढे मात्र एक पान मला बऱ्यापैकी कळलं. चिप एका वेळी तीन सूर काढू शकते, आणि चौथा नुसता खरखराट.

"म्हंजे तीन गळा अन एक खोकला," मामा म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात लाइट कमी-जास्त झाली आणि पेटी मुकी झाली. मामांनी ती कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे नेली. त्यानं आतला क्रिस्टल जळाल्याचं सांगितलं आणि ड्रॉवरमध्ये जो सापडला तो लावून दिला. क्रिस्टल म्हणजे चिपच्या नाडीचे ठोके. ठोके जलद तर सूर उंच, ठोके सावकाश तर सूर खाली. रेडिओवाल्याचा क्रिस्टल भलताच सावकाश निघाला. गाण्याची लय कॉम्प्युटरच्या हातात, ती होती तशीच राहिली, पण पट्टी खाली आली. पेटी चालू केल्यावर घोगरा, जाडजूड आवाज निघाला. मला वाटलं, बिघडली. मामांनी पेटीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्या माणसाला एखादी गोष्ट पुरती ऐकू येत होती.

तिथून पुढे त्यांची सकाळ-संध्याकाळ त्या पेटीत गेली. सूर लिहायची रीत त्यांनी स्वतः काढली होती. जेकार्डचाच चौकटीचा कागद, एक ओळ म्हणजे एक ठोका, तीन गळ्यांना तीन रंगांची घरं, आणि खोकल्याला काळं. दुरून पाहिलं तर साडीची किनार वाटावी. मग कागदावरून एकेक आकडा यंत्रात. त्या कागदाला ते दुसऱ्या कुणाला पेन टेकवू देत नसत. मी एकदा कोपऱ्यात तारीख घालायला गेलो, तर हात धरला. "मास्तर, ती किनार शे. किनारले डाग नको."

गाणं होतं कानबाईचं. आम्हा खानदेशी लोकांत श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साडी लावून देवी सजते, रोट होतात, आणि बाया गातात. मामींचा गळा त्यात पहिला असायचा. एक ओळ मामी म्हणायच्या, बाकीच्या मागून झेलायच्या. मामांना हे सगळं त्या तीन गळ्यांत बसवायचं होतं. पहिला गळा मामींचा, लाल घरांचा. दुसरा झेलणाऱ्या बायांचा. तिसरा संबळाचा. आणि खोकल्याचा त्यांनी लूम केला, कारण खटखटीशिवायचं गाणं त्यांना उघडं वाटायचं.

पहिल्या गळ्यासाठी मामींना पेटीशेजारी बसवलं. मामी एक ओळ म्हणायच्या, मामा आकडा घालून पाहायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "परत म्हन." मामी परत म्हणायच्या. "परत म्हन." एका ओळीला चाळीस-चाळीस वेळा. कणीक तिंबायची राहिलेली, बाहेर पाणी येऊन जायची वेळ, आणि हे "परत म्हन."

मामी एकदा वैतागून म्हणाल्या, "मी काय तुमनी बॉबिन शे का, खाली व्हयनी का परत भराले?"

"शे," मामा म्हणाले. "परत म्हन."

मामा नुसत्या तोंडाकडे बघत नसत. त्यांचा एक हात पेटीवर असे आणि कान मामींच्या खांद्याला टेकलेला. तेव्हा आम्ही तरुण पोरं त्यावर हसायचो. आता आठवतं आणि हसू येत नाही.

त्या चिपचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी तेव्हा असं यंत्र होतं त्यांना ठाऊक आहे. त्या आवाजाला श्वास नसतो. सूर सुरू होतो तो भिंतीसारखा आणि संपतो तो कात्रीनं कापल्यासारखा. तिन्ही गळे एकदम लागले की डास संगीत शिकून आलेत असं वाटायचं, जाड डास. आजकालची पोरं पाहिजे त्या वाद्याचा हुबेहूब आवाज मोबाइलवर काढतात. पण ते ऐकताना कुणी खपलंय असं वाटत नाही. त्या चिपच्या एकेका सुरामागे कुणीतरी आकडा घातलेला असायचा, चुकलेला खोडलेला असायचा. कानबाईच्या रविवारी मामा पेटी खिडकीत ठेवायचे. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि हसता हसता झेलायच्या. आमची ही लग्न होऊन सुरतेला आली त्या पहिल्याच श्रावणात तिनंही झेललं, आणि मग दर वर्षी, मामी असेपर्यंत, मामींच्या शेजारची जागा तिची झाली.

मामी गेल्या त्याला दोन वर्षांपूर्वीच्या त्या आषाढात बारा वर्षं होत आली होती. ताप काय, तीन दिवस काय, संपलं. त्यांच्या आवाजाची एकही कॅसेट नव्हती. मामांच्या कॅसेटी होत्या, पण त्यांत नुसते आकडे, किंचाळत यंत्रात चढणारे. ते किंचाळणं सुरू झालं की मामा राहायचे त्या डिंडोलीच्या गल्लीत खिडक्या लागायच्या. रोज संध्याकाळी पाचला, चहा झाला की. खिडक्या लागायच्या म्हणजे मामांची पेटी सुरू होतेय. मग पेटीवर तळवा, डोळे मिटलेले, आणि पहिल्या गळ्याची ओळ संपली की मान एकदा हलायची. मामी गायच्या तेव्हा हलायची तशी. कुणाला वाटलं नाही की हे मोबाइलवर धरून ठेवावं. माझ्या मोबाइलमध्ये दहावीच्या निरोप समारंभाचे चारशे फोटो आहेत.

तर दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात पेटी पुन्हा मुकी झाली. मामा ती टॉवेलात गुंडाळून पांडेसऱ्याला आमच्या दारात आले. वय ऐंशीच्या घरात, दोन रिक्षा बदलून. पेटी माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हणालो, "मामा, मी करून आणतो." खरं तर ओरडलो.

उधन्याला तिशीतला एक दाढीवाला आहे. जुन्या कॉम्प्युटरचं त्याला वेड, त्या चिपा पाहून त्याचे डोळे पाणावतात. त्यानं पेटी उघडली, तुटलेली एक तार जोडली, आणि मग भिंग लावून म्हणाला, "सर, ये क्रिस्टल तो गलत लगा है. किताब में दूसरा नंबर है. सही वाला डाल दूँ?"

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. पस्तीस वर्षं एक चूक तशीच चालत आली होती. मी म्हणालो, "डाल दो. गलत क्यों रखना?"

पेटी मामांकडे नेली. आवाज काय स्वच्छ, काय चढा, धुतल्यासारखा. मामांनी तळवा ठेवला, शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाले, "चांगलं व्हयनं भाऊ. एकदम नवं." मग स्वतः उठून माझ्यासाठी चहा टाकला. मी घरी आलो तो दोन बोटं उंच होऊन.

श्रावणात कानबाई झाल्यावर बायकोनं विचारलं, "पेटीला तुम्ही काय केलंत?"

"दुरुस्त केली."

"मामा लावत नाहीत ती. मामींच्या साडीचा तुकडा टाकून झाकून ठेवलीय. काल बायांनी आग्रह केला म्हणून लावली. पाय हलत होता तो नुसत्या लूमच्या खटखटीवर. मामींची ओळ संपली तरी मान हलली नाही."

"म्हातारे झाले आता."

"एका महिन्यात?" ती म्हणाली. "मी विचारलं त्यांना. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, तिना आवाज बारीक व्हई गया, माले नही येस ऐकाले. आणि म्हणाले, भाऊले सांगू नको, त्यानी मेहनत कयी."

मी त्या दिवशी वर्गात एकाही पोराची चूक काढली नाही. पोरं घाबरली, सरांना बरं नाही म्हणून.

दाढीवाल्याकडे जाऊन सगळं सांगितलं. काढलेले भाग तो बिस्किटाच्या डब्यात टाकत असे. डबा उलटा केला. त्यात जुन्या क्रिस्टलसारखे पाच निघाले, आणि मामांचा कुठला हे त्यालाही आठवेना. रेडिओवाला कधीच वारला होता. कागदावरचे आकडे बदलून पट्टी खाली आणता आली असती, पण किती खाली? ते आकड्यांत लिहिलेलं नव्हतं. ते मामींच्या गळ्यात होतं. दाढीवाल्यानं पेटीला एक छोटी खाच बसवून दिली, म्हणजे सोल्डरचा डाग न देता क्रिस्टल घालता-काढता येईल. "सर, एक एक लगा के देख लो. अंकल बता देंगे."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि बायको डिंडोलीला गेलो. मी पाच क्रिस्टल काडेपेटीत घालून नेले होते. पहिला लावला. कॅसेट किंचाळली, गल्लीतल्या खिडक्या लागल्या, गाणं झालं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला घाम आला होता.

"हां," मामा म्हणाले. "हाईच."

माझा जीव भांड्यात पडला. पण बायकोनं भुवई उचलली. म्हणून दुसरा लावला. तो पहिल्याहून कितीतरी वेगळा.

"हां भाऊ. हाईच शे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस पाचही वेळा हेच म्हणणार. मला वाईट वाटू नये म्हणून. आयुष्यात कुणाचा शब्द खरा निघावा अशी मी इतकी प्रार्थना कधी केली नव्हती, आणि इतका खात्रीनं खोटा शब्द कधी ऐकला नव्हता.

बायको पदर खोचून पुढे आली. "मामा, तुम्ही फक्त बठा," ती म्हणाली. मग मला, "मी म्हणते ओळ. मामींच्या पट्टीत. पेटी माझ्या गळ्याला जुळली की तोच." तिला मामींची पट्टी अजून आठवते का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ती पेटीशी वाकली आणि हलक्या आवाजात गायला लागली. मामींसारखंच, छातीतून, रुंद. तिसरा क्रिस्टल वर गेला. तिनं नाही म्हणून मान हलवली. चौथा इतका खाली की ट्रक चढणीला लागल्यासारखा. पहिले दोन तिनं ऐकताक्षणीच बाद केले होते. उरला एक. मी तो बसवला. पडद्यावर आकडे पळायला लागले, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबानं गाणं सुरू होतं. पेटीतून आवाज नाही. क्रिस्टल मेलेला होता. मी तो दाबून पाहिला, फुंकर मारली, उलटा लावला. माझ्या खटपटीत बायको आपली ओळ म्हणतच होती, पेटी कुठूनतरी पकडेल म्हणून. मामांचा तळवा पेटीवर, डोळे मिटलेले, डोकं तिच्या खांद्याजवळ.

ओळ संपली. मामांची मान एकदा हलली.

"परत म्हन," ते म्हणाले.

मी चमकून पेटीकडे पाहिलं. पेटी मुकीच होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं परत म्हटली. मामांनी तळवा पेटीवरून उचलला, स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि ठोके द्यायला लागले. "परत म्हन." पडद्यावरचे आकडे संपून केव्हाच थांबले होते. ती किती वेळा म्हणाली ते मी मोजलं नाही. चाळीस असेल.

त्यानंतर ती दर शनिवारी जायची. मी तिला स्कूटरवरून सोडायचो आणि बाहेर ओट्यावर बसायचो. मला आत काही काम नव्हतं. मामा त्या फाल्गुनात गेले, दुपारी, झोपेतच. त्यांचे चौकटीचे कागद, कॅसेटी, कॉम्प्युटर आणि पेटी आमच्याकडे आली. सुटीत कधी मी ती लावतो, काडेपेटीतले क्रिस्टल आलटून पालटून घालतो. दाढीवाला अजून कुठून कुठून क्रिस्टल आणून देतो. तिन्ही गळे लागतात, खोकला लागतो, किनार कागदावर लाल-निळी जशीच्या तशी आहे. यांतला बरोबर कुठला हे सांगणारं आता कुणी नाही. तो मी काढून टाकला.

मामांच्या दहाव्याहून परत येताना उधन्याच्या फाटकाशी स्कूटर थांबली होती. मी मान वळवून बायकोला विचारलं, "त्या दिवशी त्यांना मामीच ऐकू आल्या असतील ना?"

गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"कोण ऐकू आलं ते त्यांना ठाऊक," ती म्हणाली. "पण पस्तीस वर्षं तो माणूस सांगत होता, मोठं नको, जाड बोला. आपण सगळे ओरडतच राहिलो. आणि तुम्ही तर मास्तर."